काँगोचा यूडीपीएस पक्ष: लोक सारखे विचारतात ते प्रश्न

जानेवारी 2025 मध्ये पूर्व काँगोतलं गोमा शहर एम23 या बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा काँगोचा नकाशा उघडला, आणि मग राष्ट्राध्यक्ष कोण, त्यांचा पक्ष कुठला, डावा की उजवा असं सगळं विचारायला लागले. राष्ट्राध्यक्ष आहेत फेलिक्स चिसेकेदी आणि त्यांचा पक्ष यूडीपीएस. मी 2011 च्या निवडणुकीपासून या पक्षाबद्दल मिळेल ते वाचत आलोय, त्यामुळे तेच तेच प्रश्न माझ्याकडे येतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. मला या पक्षाबद्दल आपुलकी आहे हे आधीच सांगतो, आणि आपुलकी आहे म्हणूनच काही ठिकाणी कडक बोललोय.

कुठल्या काँगोबद्दल बोलतोय आपण?

दोन काँगो आहेत. काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, समोरच्या काठावर किन्शासा, दोन राजधान्या एकमेकींना दिसतात. आपण बोलतोय किन्शासावाल्या काँगोबद्दल, म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताक, पूर्वीचा बेल्जियन काँगो, 1971 ते 1997 या काळात ज्याचं नाव झैर होतं तो. तांबं, कोबाल्ट, हिरे, सगळं तिथे आहे.

यूडीपीएसचं पूर्ण नाव काय?

फ्रेंचमधलं नाव मराठीत आणायचं तर 'लोकशाही आणि सामाजिक प्रगती संघ'. स्थापना 15 फेब्रुवारी 1982. तिथले लोक फ्रेंच पद्धतीने 'उ-दे-पे-एस' म्हणतात. घोषवाक्य आहे 'आधी जनता'.

पक्ष निघाला कसा? एकच पक्ष चालेल असा कायदा होता ना तिकडे?

हो, आणि म्हणूनच ही गोष्ट मला एवढी भारी वाटते. हुकूमशहा मोबुतूच्या झैरमध्ये एमपीआर हा एकच पक्ष, आणि माणूस जन्माला आला की आपोआप त्याचा सदस्य, म्हणजे पाळण्यातलं पोरगंसुद्धा. दुसरा पक्ष काढणं म्हणजे सरळ सरळ गुन्हा. अशा वेळी 1 नोव्हेंबर 1980 ला संसदेतल्याच तेरा सदस्यांनी मोबुतूला एक उघडं पत्र लिहिलं, चिठ्ठीचपाटी नव्हे, चांगलं पन्नासच्या वर पानांचं, ज्यात देशाची वाट कशी लागली, पैसा कुठे जातो, माणसं कशी मारली जातात हे मुद्देसूद मांडलं होतं आणि खऱ्या निवडणुका घ्या अशी मागणी होती. त्या तेरा जणांत एतिएन चिसेकेदी होते, म्हणजे फेलिक्सचे वडील.

मग जे व्हायचं तेच झालं. अटका झाल्या, खासदारकी गेली, गावाकडे नेऊन टाकलं. तरी दीड वर्षाच्या आत त्याच लोकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पक्ष काढला. त्याबद्दल 1982 मध्येच पंधरा-पंधरा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या, पुढच्या वर्षी माफी देऊन सोडलं, आणि बाहेर आल्यावर अमेरिकन काँग्रेसच्या पाहुण्यांना भेटायला हॉटेलवर गेले तर सुरक्षा दलाच्या लोकांनी त्यांना तिथेच बदडलं. चिसेकेदींना पुढे किती वेळा उचललं, किती वेळा त्यांच्या गावी स्थानबद्ध केलं याची मोजदाद करताना दमायला होतं. या सगळ्यात पक्षाने बंदूक हातात घेतली नाही. अहिंसक लढा हे पक्षाचं अधिकृत धोरण होतं. ज्या देशात जो तो आपलं सैन्य घेऊन वाटाघाटीला बसला तिथे हे सोपं नव्हतं बरं का.

पण चिसेकेदी आधी मोबुतूसोबतच होते, हे खरं का?

खरं आहे, आणि लपवायचं कारण नाही. जन्म डिसेंबर 1932 चा, आजच्या कनांगा शहरातला, त्या वेळी त्याचं नाव लुलुआबुर्ग होतं. 1961 मध्ये ते कायद्याचे डॉक्टर झाले, देशातले पहिलेच. देशाचे पहिले पंतप्रधान लुमुम्बा यांना हटवल्यावर जे आयुक्तांचं सरकार आलं त्यात ते न्याय खात्याचे उपायुक्त होते, पुढे मोबुतूचे गृहमंत्री झाले, 1967 चा एन'सेले जाहीरनामा, म्हणजे एमपीआरची पोथीच म्हणा, लिहिणाऱ्यांत त्यांचा हात होता. म्हणजे ही राजवट त्यांनी आतून उभी केली आणि नंतर आतूनच तिच्याविरुद्ध उभे राहिले. टीकाकार अजून ते काढतात आणि काढलंच पाहिजे. पण माझं म्हणणं असं की खुर्चीत बसलेला माणूस खुर्ची सोडून तुरुंगात जायला तयार होतो तेव्हा त्याची किंमत वेगळी असते.

सेंटर-लेफ्ट म्हणतात म्हणजे नेमकं काय डावं आहे यात?

पक्ष स्वतःला सोशल डेमोक्रॅट म्हणवतो आणि सोशलिस्ट इंटरनॅशनल या समाजवादी पक्षांच्या जागतिक संघटनेत आहे. पण खरं सांगायचं तर पहिली तीसेक वर्षं पक्षाची ओळख आर्थिक धोरणावरून झालीच नाही, ती झाली 'कायद्याचं राज्य' या दोन शब्दांवरून. फ्रेंचमध्ये त्याला 'एता द द्र्वा' म्हणतात आणि किन्शासाच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईलासुद्धा हे शब्द माहीत झाले ते बऱ्याच अंशी या पक्षामुळे. डावं धोरण म्हणून बोट दाखवता येईल अशा गोष्टी सत्ता मिळाल्यावर आल्या, सप्टेंबर 2019 पासून सरकारी प्राथमिक शाळांमध्ये फी बंद, आणि 2023 पासून किन्शासातून सुरू केलेली मोफत बाळंतपणाची योजना. शाळेच्या फीबद्दल खाली लिहिलंय.

1990 मध्ये मोबुतूने बंदी उठवली, मग सत्ता का मिळाली नाही?

24 एप्रिल 1990 ला मोबुतूने एकपक्षीय पद्धत संपली असं जाहीर केलं. पण जाहीर करणं वेगळं आणि सोडणं वेगळं.

ऑक्टोबर 1991 मध्ये, सैनिकांनी किन्शासा लुटल्यानंतर, चिसेकेदींना पंतप्रधान केलं. शपथेच्या कागदावर मोबुतू हे राष्ट्राचे रक्षक वगैरे शब्द होते, ते त्यांनी सही करताना सरळ खोडले! काही दिवसांतच हकालपट्टी. मग राष्ट्रीय सार्वभौम परिषद, म्हणजे सगळ्या पक्षांची, चर्चची, संघटनांची मिळून देशाचं भवितव्य ठरवायला बसलेली मोठी सभा, तिचे अध्यक्ष होते आर्चबिशप मोन्सेन्ग्वो. जानेवारी 1992 मध्ये ती परिषद बंद पाडली तर 16 फेब्रुवारीला किन्शासातले ख्रिस्ती भाविक चर्चमधून बाहेर पडून हातात बायबल, जपमाळ, मेणबत्त्या घेऊन मोर्चाने निघाले आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तो दिवस तिकडे अजून पाळतात. परिषद पुन्हा भरली, आणि 15 ऑगस्ट 1992 ला तिने चिसेकेदींना पंतप्रधान म्हणून निवडून दिलं, मोठ्या बहुमताने. आपल्या स्वातंत्र्यदिनाची तारीख असल्यामुळे माझ्या लक्षात राहिली.

पण तिजोरी आणि बंदुका मोबुतूकडेच राहिल्या. डिसेंबरात त्याने त्यांना पदावरून काढल्याचं जाहीर केलं, यांनी मानलं नाही, आणि 1993 मध्ये तर मोबुतूने यूडीपीएसच्याच एका संस्थापकाला, फौस्तैं बिरिंद्वाला, फोडून स्वतःचा पंतप्रधान केलं, म्हणजे देशात दोन-दोन सरकारं. तिसऱ्यांदा एप्रिल 1997 मध्ये, बंडखोर राजधानीकडे येत असताना, आठवडाभरासाठी पंतप्रधान. मे मध्ये बंडखोरांचे नेते लोरां-देझिरे कबिला सैन्य घेऊन आले आणि त्यांनीही पक्षांवर बंदीच घातली.

पन्नास लाखांच्या नोटेची गोष्ट खरी आहे का?

शंभर टक्के खरी, आणि ज्याला राजकारणात बंदुकीशिवाय काय करता येतं असा प्रश्न पडतो त्याने ही वाचावी.

महागाई इतकी भडकली होती की मोबुतूच्या लोकांनी 50,00,000 झैरची नोट छापून घेतली आणि सैनिकांचे पगार त्यात द्यायला सुरुवात केली. चिसेकेदींनी पंतप्रधान म्हणून जाहीर केलं की ही नोट बेकायदा आहे, घेऊ नका. आणि बाजाराने घेतली नाही! सैनिक पगाराची नोट घेऊन दुकानात गेले, दुकानदार म्हणाला चालणार नाही. जानेवारी 1993 च्या शेवटी सैनिकांनी परत शहर लुटलं, खूप माणसं मेली, फ्रान्सचे राजदूत फिलिप बेर्नार हेही गोळी लागून गेले. म्हणजे या निर्णयाची किंमत सामान्य माणसाने भरली, हे विसरून चालणार नाही.

कासाई प्रांताने तर कमालच केली. (नाव 'कासाई', ते नदीचं नाव आहे, आपल्या मराठी शब्दाशी काही संबंध नाही, हा प्रश्न मला दर वेळी येतो.) तिथल्या लोकांनी ती नोट नाकारली, मग ऑक्टोबर 1993 मध्ये 'नवा झैर' आला तोही नाकारला, आणि जुन्या फाटक्या-मळक्या नोटा वर्षानुवर्षं चालवल्या. बाकी देशात भाव आभाळाला भिडले असताना तिथे त्या जुन्या नोटा टिकून राहिल्या कारण नव्या कुणी छापत नव्हतं. ज्या माणसाकडे ना सैन्य ना खजिना त्याच्या शब्दावर एका अख्ख्या प्रांताने आपला बाजार चालवला, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान बंद करून थोडा वेळ नुसता बसून होतो.

'कोम्बातां' आणि 'उभे खासदार' हे काय प्रकरण?

कोम्बातां म्हणजे लढवय्ये, पक्षाच्या कार्यकर्त्यांना हेच म्हणतात. किन्शासाच्या लिमेते भागातलं पक्षाचं मुख्यालय हे त्यांचं घरच, सप्टेंबर 2016 मध्ये ते जाळलं गेलं आणि आतली माणसंही गेली.

उभे खासदार हे त्याहून गोड प्रकरण आहे. किन्शासात पेपरवाले फुटपाथवर पेपर मांडून बसतात, विकत घ्यायला पैसे नसतात म्हणून लोक उभ्या उभ्या मथळे वाचतात आणि तिथेच वाद घालायला लागतात, तासन् तास, कुणी मास्तर, कुणी बेकार, कुणी टॅक्सीवाला. खऱ्या संसदेत कुणी बोलत नाही म्हणून ही रस्त्यावरची संसद, आणि तिथे बसायला बाक नाहीत म्हणून हे उभे खासदार. तिथल्या चर्चेत यूडीपीएसचा सूर बहुतेक वेळा सगळ्यात मोठा असायचा. आपल्याकडच्या पारावर किंवा चहाच्या टपरीवर उभं राहून बोललेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हा फक्त लुबा लोकांचा पक्ष आहे असं म्हणतात ते?

अर्धं खरं. चिसेकेदी कासाईतले लुबा, भाषा चिलुबा, आणि म्बुजी-मायी, कनांगा ही पक्षाची सगळ्यात पक्की शहरं. पण पत्र लिहिणारे तेराजण आणि पहिल्या फळीतले नेते वेगवेगळ्या भागांतले होते, उदाहरणार्थ मार्सेल लिहाऊ, घटनेचे मोठे अभ्यासक, ते एक्वातेर भागातले, आणि किबासा मालिबा कटांगाचे. किन्शासात तर सगळ्याच समाजांतून पाठिंबा होता. जातीयतेचा शिक्का मारणं विरोधकांना सोयीचं होतं, आणि 1992-93 मध्ये कटांगात कासाईवाल्यांना घरांतून हाकललं तेव्हा त्या शिक्क्याचा परिणाम काय होतो ते दिसलं, माणसं रेल्वे स्टेशनांवर आठवडेच्या आठवडे पडून होती. मात्र सत्तेत आल्यापासून मोक्याच्या जागी कासाईचीच माणसं दिसतात ही तक्रार वाढलीय, आणि ती नुसती विरोधकांचीच नाही.

2006 च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला ती चूक होती का?

माझ्या मते हो, मोठी चूक. चाळीस वर्षांनी खुली बहुपक्षीय निवडणूक होत होती आणि पक्षाने समर्थकांना मतदार नोंदणीच करू नका असं सांगितलं, नंतर मन बदललं तर नोंदणी संपलेली. लोरां-देझिरेंचे पुत्र जोसेफ कबिला निवडून आले आणि देशातला सगळ्यात जुना विरोधी पक्ष पाच वर्षं संसदेच्या बाहेर.

2011 मध्ये काय झालं?

अधिकृत आकडे: कबिला 48.95 टक्के, चिसेकेदी 32.33 टक्के. कार्टर सेंटर या अमेरिकन संस्थेच्या निवडणूक निरीक्षकांनी निकाल विश्वासार्ह नाहीत असं सांगितलं. चिसेकेदींनी निकाल धुडकावला आणि रस्ते पोलिसांनी अडवलेले असल्यामुळे 23 डिसेंबरला लिमेतेतल्या आपल्या घरीच स्वतःला शपथ दिली. आपल्या निवडून आलेल्या खासदारांना संसदेत बसू नका म्हणाले, बरेच जण तरी बसले, मुलगा फेलिक्स मात्र बसला नाही. मतदानाआधीच स्वतःला राष्ट्राध्यक्ष जाहीर करणं आणि समर्थकांना तुरुंग फोडायला सांगणं हेही त्याच मोसमातलं, आणि अहिंसेचं नाव घेणाऱ्या नेत्याला ते शोभलं नाही.

थोरले चिसेकेदी गेले कधी? मृतदेह दोन वर्षं ठेवला होता म्हणतात?

1 फेब्रुवारी 2017 ला ब्रसेल्समध्ये गेले. महिनाभर आधीच, 31 डिसेंबर 2016 ला, बिशप मंडळींच्या मध्यस्थीने निवडणूक घेण्याबाबत कबिलांशी करार झाला होता. कुठे पुरायचं, कसं आणायचं यावर सरकार आणि कुटुंब-पक्ष यांचं जुळेना, त्यामुळे शव ब्रसेल्सलाच राहिलं. ते 30 मे 2019 ला किन्शासात आलं, तेव्हा मुलगा राष्ट्राध्यक्ष होता. विमानतळापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. लोक त्यांना 'या चिची' म्हणायचे, 'या' म्हणजे मोठा भाऊ, आपण दादा म्हणतो ना, तसंच. एन'सेलेला समाधी आहे, ज्या एन'सेलेचा जाहीरनामा त्यांनी तरुणपणी मोबुतूसाठी लिहिला होता तिथेच.

2018 ची निवडणूक फेलिक्स खरंच जिंकले का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि उत्तर देताना मला दर वेळी त्रास होतो. घटनाक्रम सांगतो. 11 नोव्हेंबर 2018 ला जिनिव्हात विरोधकांनी मिळून मार्तैं फायुलू यांना एकच उमेदवार ठरवलं, फेलिक्सनेही सही केली. इकडे लिमेतेत कोम्बातां भडकले, आमचा पक्ष सगळ्यात जुना आणि उमेदवार दुसऱ्याचा? दुसऱ्याच दिवशी फेलिक्सनी सही मागे घेतली, दुसरे विरोधी नेते वितल कामेर्हे यांनीही. मग दोघांनी नैरोबीत वेगळी युती केली. 30 डिसेंबरला मतदान, निकाल असा: फेलिक्स 38.57 टक्के, फायुलू साधारण 34.8 टक्के, कबिलांचे उमेदवार शादारी 23.8 टक्के.

कॅथलिक बिशप परिषदेचे जवळपास 40,000 निरीक्षक केंद्रांवर होते, त्यांनी सांगितलं की जाहीर निकाल आमच्या आकड्यांशी जुळत नाही. बाहेर फुटलेल्या आकडेवारीवरूनही फायुलू खूप पुढे होते असंच पत्रकारांनी लिहिलं. घटना न्यायालयाने फेलिक्सच्या बाजूने निकाल दिला, 24 जानेवारी 2019 ला शपथ झाली. संसदेत मात्र कबिलांच्या आघाडीला प्रचंड बहुमत, यूडीपीएसला 500 पैकी जेमतेम तीसेक जागा. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचा. माझं मत असं की कबिलांशी समझोता झाला होता, आणि 2011 मध्ये 'मतपेटीतलं सत्य' म्हणून रस्त्यावर मार खाल्लेल्या पक्षाने 2019 मध्ये ते सत्य कुणी विचारू नये अशी अपेक्षा ठेवली. दुसरी बाजू अशी की 1960 पासून पहिल्यांदा एक राष्ट्राध्यक्ष रक्त न सांडता घरी गेला आणि दुसरा आला. हेही खरं आहे, आणि किन्शासातल्या अनेकांना तेवढंही पुष्कळ वाटलं.

सत्तेत येऊन काय केलं?

शाळेची फी बंद केली हे मोठं काम. घटनेत मोफत प्राथमिक शिक्षण लिहिलेलं होतंच, पण पालक मास्तरांचा पगार खिशातून भरत होते. लाखो मुलं शाळेत आली, वर्ग इतके भरले की बाकावर जागा नाही, आणि मास्तरांचे पगार रखडले, संप झाले. तरी मी हे काम चांगलंच म्हणेन. 2020 च्या शेवटी कबिलांशी युती मोडली, फोडाफोडी करून नवीन बहुमत जमवलं, त्याला 'पवित्र युती' असं नाव दिलं. 2024 मध्ये ज्युडिथ सुमिन्वा पंतप्रधान झाल्या, देशातल्या पहिल्या महिला पंतप्रधान, आणि पक्षाच्याच.

आता दुसरी बाजू. जाँ-मार्क काबुंद हे फेलिक्सच्या पडत्या काळातले सोबती, पक्षाचे हंगामी अध्यक्ष. 2022 मध्ये बाहेर पडले, सरकारवर टीका केली, आणि सप्टेंबर 2023 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा अपमान वगैरे आरोपांखाली त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये माफीने सुटले. ज्या पक्षाचा जन्म राष्ट्राध्यक्षांना खरमरीत पत्र लिहिण्यातून झाला त्या पक्षाच्या राज्यात हे घडलं. मार्च 2024 मध्ये फाशीवरची वीस वर्षांची स्थगितीही उठवली. मला याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं.

वडिलांनंतर मुलगा, ही घराणेशाहीच ना?

आहेच. फेलिक्स 31 मार्च 2018 ला पक्षाध्यक्ष झाले, आणि आडनाव नसतं तर झाले असते का हा प्रश्न विचारायची गरजही नाही. मराठी वाचकाला यात नवीन काही वाटणार नाही. एवढंच सांगतो की या माणसानेही तरुणपणाची वर्षं ब्रसेल्समध्ये निर्वासितासारखी काढली. पक्षात आता सरचिटणीस ऑगस्तैं काबुया यांच्याविरुद्ध एक गट आहे, भांडणं चालूच असतात, आणि फुटणं या पक्षाला नवीन नाही.

घटना बदलून तिसरी टर्म घेणार का?

2023 च्या डिसेंबरात फेलिक्स 73 टक्क्यांच्या वर मतं घेऊन परत आले, त्या मतदानातही साहित्य न पोचल्यामुळे दिवसचे दिवस घोळ चालला. घटनेप्रमाणे दोनच टर्म, आणि कलम 220 म्हणतं की टर्मची संख्या आणि मुदत यांना हातच लावता येणार नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये किसांगानीला बोलताना राष्ट्राध्यक्षांनी घटना जुनी झाली, परक्यांनी परदेशात लिहिली, नवीन पाहिजे असा सूर लावला आणि पक्ष कामाला लागला. गंमत म्हणजे 2005 मध्ये याच घटनेवर झालेल्या सार्वमतावर यूडीपीएसने बहिष्कारच टाकला होता, त्यामुळे 'ही आमची घटना नाहीच' असं ते म्हणू शकतात. पण 2015-16 मध्ये कबिलांनी मुदत लांबवली तेव्हा याच घटनेचं कलम 64, बळाने सत्ता बळकावणाऱ्याला विरोध करणं प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे म्हणणारं, विरोधकांच्या तोंडी होतं आणि यूडीपीएस त्यात पुढे होती. तेव्हा जी घटना ढाल म्हणून चालली ती आता अडचण कशी झाली, हे मला कोम्बातांना विचारायचंय.

पूर्वेचं युद्ध आणि भारत, काही संबंध?

गोमा भागात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान वर्षानुवर्षं तैनात आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या फौजी घरांत 'काँगोला मिशनवर' हे शब्द ऐकलेले असतात. जानेवारी 2025 मध्ये एम23 ने गोमा घेतलं, फेब्रुवारीत बुकावू. एम23 ला रवांडाची मदत आहे असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात. 27 जून 2025 ला वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडाचा करार झाला. पक्षाकडे या युद्धाचं वेगळं असं डावं उत्तर नाही, राष्ट्रवादीच आहे, आणि घरं सोडून पळालेली माणसं लाखांत आहेत.

नावं कशी वाचायची?

'चिसेकेदी', सुरुवातीला 'त्शि' लिहितात पण ऐकू येतं ते चि. 'म्बुजी-मायी' मध्ये म् पटकन म्हणायचा, ओठ मिटूनच सुरुवात करायची. फेलिक्सना समर्थक 'फात्शी' म्हणतात. आणि 'लिमेते' मधला शेवटचा ते पूर्ण म्हणा, गिळू नका.